खालून येणारी टकटक : वाचकांचे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून रस्ते उखडले की माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतो : "गाडी खालून वाजते, काय असेल?" त्यातही सात आसनी गाड्या जास्त. सोमवार ते शुक्रवार घरचं एक माणूस फिरतं, शनिवारी सातजण बसतात आणि मोसमात वर आंब्याच्या पेट्या. मग खालचं काम निघणारच. खाली उत्तरं देतोय, पण ते अंदाज आहेत. निदान गाडी वर उचलल्यावरच होतं.

प्रश्न (गुहागर) : गाडी ७२ हजार किलोमीटर चाललीय. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना पुढे डावीकडून टकटक येते, चांगल्या डांबरीवर काही नाही. गॅरेजवाले म्हणतात चारही शॉकअप बदला. बदलू का?

इतक्यात नको. आधी लिंक रॉड बघायला सांगा. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, त्याची टोकं दोन्हीकडे एकेका छोट्या रॉडने शॉकअपला बांधलेली असतात. तो हा लिंक रॉड. एक चाक वर गेलं आणि दुसरं खाली राहिलं की त्याला काम पडतं, आणि आपल्या रस्त्यांवर दुसरं काय होतं?

घरच्या घरी एवढं करून बघा. एखाद्या गतिरोधकावरून गाडी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी हळू न्या. मग एकच चाक खड्ड्यात घाला. आवाज फक्त दुसऱ्या वेळी आला तर संशय लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशवर, म्हणजे तो जिथे धरलेला असतो तिथल्या रबरी तुकड्यावर. मेकॅनिक दोन्ही लिंक रॉड सोडवून गाडी हळूहळू आवाराभोवती फिरवेल. आवाज थांबला तर चोर सापडला. हे काम शेकड्यांत होतं, चार शॉकअप हजारांत जातात, त्यामुळे कोणाला कशाची घाई असते हे मी वेगळं सांगत नाही. शॉकअप गेला असेल तर अंगावरून तेल ओघळलेलं दिसतं किंवा गतिरोधक ओलांडल्यावरही गाडी डुलत राहते. गेलाच असेल तर पुढची जोडी बदला, किंवा मागची. चारही कशासाठी, ते लेखी मागा.

प्रश्न (मालवण) : पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल फवारलं तर गंज लागत नाही आणि आवाजही जातो म्हणतात. खरं का?

आवाज जातो, पंधरा दिवस. मग ऑइलने बुशचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि नवा आवाज सुरू होतो. मारू नका.

प्रश्न (कुडाळ) : मागून धाडधाड आवाज येतो, पण गाडी रिकामी असतानाच.

तिसऱ्या रांगेची सीट नीट अडकली आहे का, जॅक-पाना जागेवर आवळलेला आहे का आणि खाली टांगलेली स्टेपनी हलते का, ते बघा. तिन्ही ठीक असेल तर गॅरेजला दाखवा.

प्रश्न (दापोली) : घाटात ब्रेक मारला की पुढे 'खट' असा एकच आवाज येतो, स्टेअरिंग पूर्ण वळवतानाही. आमच्या मेकॅनिकने पहार लावून बघितलं, खालचा बॉल जॉइंट सैल आहे म्हणाला. मुंबईची मंडळी यायची आहेत, गणपती झाल्यावर केलं तर चालेल का? शेजारी म्हणतात, आवाज आपोआप कमी झाला म्हणजे तो जागेवर बसला.

नाही चालणार. तुमचे शेजारी भले गृहस्थ असतील, पण बॉल जॉइंट म्हणजे मुरगळलेला पाय नव्हे, की दोन दिवसांनी आपोआप बसेल.

बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला पोलादी गोळा. चाक ज्या जाड भागावर फिरतं तो भाग खालच्या आर्मला, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या आडव्या हाताला, इथे जोडलेला असतो. अर्टिगा, कॅरेन्स यांसारख्या गाड्यांना पुढे प्रत्येक बाजूला एकच खालचा आर्म आणि वर स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब असतो. इनोव्हा क्रिस्टाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म असतात. इंटरनेटवर क्रिस्टाचा उपाय बघून तो अर्टिगाला लावणारे इथेच चुकतात. वाटीवर रबरी टोपी असते. ती फाटली की जांभ्याचा लाल चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि गोळा-वाटी एकमेकांना घासत राहतात. आधी आवाज येतो, मग ढिलेपणा, आणि एक दिवस गोळा वाटीतून निसटतो. तेव्हा चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं, गाडीचा कोपरा खाली बसतो, स्टेअरिंग हातात राहतं पण ते चाक तुमचं ऐकत नाही. कधी चाकाला इंजिनची ताकद देणारा दांडा, ड्राइव्हशाफ्टही निसटतो, ब्रेकची नळी ताणून तुटते. माझ्याकडे अशी एक गाडी टोइंगवरून आली होती. मालकाच्या अंगणात रिव्हर्स घेताना चाक पडलं होतं. अंगणात पडलं म्हणून बरं. आदल्या संध्याकाळी तीच गाडी सातजण घेऊन कशेडी उतरून आली होती.

आवाज कमी झाला, तर बहुधा वाटीत चिखल गच्च बसलाय किंवा तुमच्या कानाला सवय झाली आहे. ढिलेपणा जागेवरच आहे. आणि "गणपती झाल्यावर" हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की आता चिडही येत नाही. गणपतीनंतर नवरात्र, मग दिवाळी, मग "आता तर आवाजच नाही". तुमच्या सैल जॉइंटवर सगळ्यात जास्त वजन, सगळ्यात जास्त पाऊस आणि सगळ्यात जास्त घाट नेमके गणपतीतच पडणार आहेत.

मात्र पहारीने सैल वाटलं एवढ्यावर नवा आर्म विकत घेऊ नका. ब्रेक मारताना खट वाजायला आर्मचा मागचा बुश किंवा सैल झालेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) हेही कारण असू शकतो. गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवायचं, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात जॉइंटकडे बघायचं. हालचाल डोळ्यांना दिसली तर गाडी चालवत आणू नका, टोइंग बोलवा. अनेक गाड्यांना जॉइंट सुटा मिळत नाही, पूर्ण आर्म घ्यावा लागतो. काम झाल्यावर अलाइनमेंट लागतंच, ते फुकटात दिलं म्हणून टाळू नका आणि त्याचे दोनदा पैसेही देऊ नका.

आणखी एक. स्वतः बघायचंच असेल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, आणि खाली जांभ्याचा चिरा तर मुळीच लावू नका. चिरा भिंतीत बरा. गाडीखाली तो सूचना न देता फुटतो.

प्रश्न (देवरुख) : वर्षात दोनदा आर्मचे बुश बदलले, तरी सहा महिन्यांत पुन्हा आवाज. पार्ट लोकल असेल का?

असेलही, पण मी आधी आवळायची पद्धत विचारीन. गाडी वर टांगलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर, वजन आल्यावर. पुढच्या वेळी समोर उभे राहा. जुना बुश मागून घ्या आणि पार्टचं बिल व बॉक्सही.

प्रश्न (हर्णै) : दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोजचं जाणं-येणं, मुलं कधी गाडी समुद्रकिनाऱ्यावरही नेतात. आता खड्ड्यात पुढून जोरात 'टणक' वाजतं.

स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला नाही ना, ते आजच बघून घ्या. स्प्रिंग जिथे बसते त्या ताटलीत खारं पाणी आणि वाळू साचते, रंग उडतो, स्प्रिंग गंजते, आणि तुटलेला तुकडा बाहेरून चटकन दिसत नाही. तुटलं टोक टायरला लागू शकतं, म्हणून बघेपर्यंत लांब नेऊ नका. पुढे प्रत्येक खाऱ्या फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा. मुलांना समुद्रकिनारा चालत बघायला सांगा.

प्रश्न (रत्नागिरी) : आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर सांगाल का?

नाही. फोनवर सगळ्या गाड्या सारख्याच वाजतात. गाडी घेऊन या, मी शेजारी बसतो, तुम्ही त्याच खड्ड्यातून न्या.