मनात राग असताना केलेली प्रार्थना देवाला चालते का?

नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, देवापुढे बसल्यावर तोंडाने स्तोत्र चालू असते पण आतून 'हे माझ्याच वाट्याला का?' असा संताप उसळतो, आणि अशा मनाने प्रार्थना करणे हे पाप तर नव्हे, असे आपण विचारले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ते पाप नाही. तो संताप देवाला सांगून टाकावा. आपली खरी प्रार्थना तिथूनच सुरू होईल.

आधी मन शांत कर आणि मग माझ्याकडे ये, अशी अट आपल्या वारकरी संतांच्या विठ्ठलाने कधी घातलेली दिसत नाही. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनी स्वतःच, त्यावर समाधानाचे कसलेही पांघरूण न घालता, सांगितले आहे. त्यांच्याच गाथेत 'माझे लेखीं देव मेला' असाही अभंग आहे, आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या गाथा जपली त्यांनी तोही जपला.

मला मात्र संकटात सर्वांत अधिक आधार चोखोबांचा वाटतो. ज्यांना देवळात पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती, ते चोखोबा 'धांव घाली विठू आतां, चालू नको मंद' असे म्हणतात आणि लगेच बडवे, म्हणजे देवळाचे पुजारी, आपल्याला मारत असल्याचे सांगतात. 'हळू चालू नकोस' असे आपण कोणाला म्हणतो? जो यायला निघाला आहे, पण पोहोचायला उशीर करतो आहे, त्यालाच. म्हणजे ज्या ओळीत तक्रार आहे त्याच ओळीत, तक्रारीच्या पोटातच, तो येतो आहे ही खात्रीही आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्यावर माणूस रागावतही नाही.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून हरिपाठ म्हणू पाहत होतो. आतले दार उघडले की बाहेर बसलेले सगळे नातेवाईक एकदम उठून उभे राहत आणि परिचारिका दुसऱ्याच कोणाचे नाव घेऊन आत गेली की पुन्हा बसत. लहानपणापासून पाठ असलेला हरिपाठ पहिल्या ओवीपुढे सरकेना. शेवटी मी मनात म्हणालो, 'पांडुरंगा, मला फार भीती वाटते आहे आणि तू काहीच करत नाहीस याचा मला राग आला आहे.' तेवढे बोलल्यावर रडू आले, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने मला आपण एकटे बसलेलो नाही असे वाटले. वडील वाचले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा पहिल्यासारखा चालला नाही. तेव्हा माझा विश्वास मागणे पूर्ण झाल्यामुळे बसला असे मी म्हणू शकत नाही. ज्याच्याशी खोटे बोलावे लागत नाही त्याच्यावर माणूस हळूहळू विसंबू लागतो, तसे ते झाले.

म्हणून आपण काही दिवस स्तोत्र बाजूला ठेवून, दिवा लावल्यावर, घरच्या भाषेत बोलून पाहावे, असे मी सुचवेन. 'सर्वांचे भले कर' असे मोघम न म्हणता, येत्या महिन्याचा कर्जाचा हप्ता कसा भरायचा हे वाटते तसे सांगावे, ज्या नातेवाइकाने पाठ फिरवली त्याचा रागही सांगावा. शब्द सुचेनासे झाले तर नुसते बसावे, किंवा चोखोबांची ती ओळ उसनी घ्यावी. ती वारीत आजही गायली जाते, आणि ती म्हणायला मन आधी निर्मळ असावे लागत नाही. झोप उडाली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र देवाबरोबरच घरातल्या एका माणसाला आणि डॉक्टरांनाही ते आजच सांगा. तसे केल्याने देवावरचा विश्वास कमी पडला असे मुळीच होत नाही.