इलेक्ट्रॉनिक गिअर शिफ्टर चालतो कसा, आणि बिघडल्यास कोल्हापुरात बदलून मिळेल का?

या शिफ्टरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जात नाही. नॉबची जागा सहसा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारे सेन्सर) ओळखतात, तो संकेत तारांवाटे ट्रान्समिशनच्या कंट्रोल युनिटकडे जातो आणि गाडीचा वेग व ब्रेकची स्थिती पाहून ते युनिट गिअर बदलायचा की नाही हे ठरवते.

बदलण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज व ब्रेक स्विच तपासून स्कॅनरवर एरर कोड वाचावेत, कारण दोष पुष्कळदा तिथेच निघतो. सुटे भाग घडवण्यात उद्यमनगर या कोल्हापुरातल्या औद्योगिक भागाचा हात कोणी धरणार नाही, पण हे काम लेथचे नव्हे: चाकांना दगड लावून, बॅटरी सोडवून, कन्सोल उघडून नवा शिफ्टर बसवणे तुलनेने सोपे असले, तरी अनेक गाड्यांत त्याचे कोडिंग (नवा भाग त्या गाडीशी जुळवून घेणे) कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच करावे लागते, त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरच गाठावे. भंगारातल्या गाडीचा शिफ्टर मी तरी घेणार नाही.