पहिले लाकडी जहाज बांधताना

पहिल्याच प्रयत्नात १०४ तोफांच्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेची लहान लाकडी प्रतिकृती बांधण्याची आपली ओढ मला मनापासून समजते. तरीही सुरुवात एका डोलकाठीच्या लहान नौकेपासून करावी, असा माझा आग्रह आहे, कारण मोठ्या जहाजावरच्या तोफांचे आणि दोरांचे तेच ते काम नवशिक्याचा धीर खचवते.

खरी कसोटी फळ्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, बसवण्यात आहे. पठाण, म्हणजे तळाचा कणा, सरळ असल्याची सपाट पाटावर खात्री करून त्यावर आडव्या चौकटी काटकोनात चिकटवाव्यात आणि नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, चौकटींच्या कडा कानशीने अशा तिरप्या घासाव्यात, की पट्टी पूर्ण रुंदीने टेकेल. नाळेकडे घेर कमी होत असल्याने पट्टी तिथे निमुळती करावी लागते, मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाकवावी, चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच चिकटवावी, कारण ओली चिकटवलेली पट्टी वाळताना आकसते व फटी पडतात. डावीकडे एक पट्टी लावली की लगेच उजवीकडे लावावी; माझ्या पहिल्या जहाजाची एक बाजू मी आधी पूर्ण केली आणि त्याचा कणा कायमचा पिळला गेला.