वसाहत, साम्राज्य आणि मधला समुद्र

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांचा मुलगा बारावीला आहे. इतिहास वाचताना ‘वसाहतवाद’ आणि ‘साम्राज्यवाद’ हे शब्द कधी एकाच अर्थाने येतात, कधी वेगळे, त्यामुळे तो गोंधळतो. ताई स्वतः महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्यांच्या लेखी वसाहत म्हणजे गाळे, शेड आणि पाळ्यांचा भोंगा. या वसाहतीचं त्या वसाहतवादाशी काही नातं आहे का, आणि घरात कारखाने वाढले की एखाद्या देशाला समुद्रापलीकडे राज्य कशाला लागतं, हे त्यांचे प्रश्न. ‘वासाहतिक’ बरोबर की ‘वसाहतिक’, असंही शेवटी विचारलं आहे.

नातं आहे. ‘वसाहत’ आपल्या ‘वसणे’ या क्रियापदाच्या घरातला शब्द. वस्ती, वसवणे ही त्याची भावंडं. औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ साली ठाण्यात वागळे इस्टेटपासून कामाला सुरुवात केली, मग खाडीपलीकडे दिघा, रबाळे, महापे, तुर्भे असा पट्टा उभा राहिला. मोकळ्या जागी कारखाने वसवले, म्हणून ती औद्योगिक वसाहत. ‘कॉलनी’ शब्दाचं मूळही असंच आहे. लॅटिनमध्ये ‘कोलोनिया’ म्हणजे नवी जमीन कसायला गेलेल्या लोकांची वस्ती. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. तेव्हा कॉलनीला ‘वसाहत’ म्हणणाऱ्यांचं काही चुकलं नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे युरोपातले लोक गेले, तिथल्या मूळच्या माणसांना हटवून जमिनी घेतल्या आणि पिढ्यान् पिढ्या वसले. शब्द तिथे चपखल बसतो.

आपल्याकडे मात्र तो अडखळतो. इंग्रज अधिकारी इथे वसले नाहीत. नोकरीची वर्षं भरली की ते पेन्शन घेऊन परत जात, आणि ते पेन्शन हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. हा फरक जुन्या मराठी राजकीय लिखाणाला नेमका ठाऊक होता. १९२८च्या नेहरू अहवालातली मागणी मराठीत ‘वसाहतीचं स्वराज्य’ म्हणून ओळखली गेली. म्हणजे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जो दर्जा आहे, तो आम्हालाही द्या. त्या काळच्या भाषेत वसाहत होणं ही बढती होती! आज आपण ‘भारत ही ब्रिटिशांची वसाहत होती’ असं सहज लिहितो आणि त्याच पुस्तकात चार पानांनी ‘वसाहतीच्या स्वराज्याची मागणी’ वाचतो. मुलाचा गोंधळ इथूनच सुरू होतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही.

आता ‘साम्राज्य’. हा शब्द गणपतीत आपण सगळेच मोठ्याने म्हणतो: ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं…’ मंत्रपुष्पांजलीचा हा भाग ऐतरेय ब्राह्मणातला. त्याच मंत्रात पुढे येतं, ‘पृथिव्यै समुद्रपर्यंताया एकराळिति’. समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा. मला हा ‘समुद्रपर्यंत’ फार महत्त्वाचा वाटतो. सत्तेची मोठ्यात मोठी कल्पना करतानाही मंत्र किनाऱ्यापाशी थांबतो. (राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५च्या सुमारास सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर स्वारी केली, पण असे दाखले विरळा.) ताईंनी विचारलेला साम्राज्यवाद जिथे हा मंत्र संपतो तिथून सुरू होतो. म्हणून जुन्या ‘साम्राज्या’ला नुसता ‘वाद’ जोडून त्याचा अर्थ लागत नाही, मधला समुद्र आणि कारखाना दोन्ही लक्षात घ्यावे लागतात.

कारखान्याने काय बदललं ते ‘वखार’ या शब्दात दिसतं. ईस्ट इंडिया कंपनीने १६१३मध्ये सुरतेला जी ‘फॅक्टरी’ काढली, तिला आपण वखार म्हणतो. तिथे काही बनत नव्हतं, आपल्या विणकरांचं कापड विकत घेऊन साठवलं जायचं. दोनशे वर्षांनी इंग्लंडात खऱ्या अर्थाने फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या आणि मालाची दिशा उलटली. लँकेशायरच्या गिरण्यांना कच्चा कापूस हवा होता आणि तयार कापडाला गिऱ्हाईक हवं होतं. १८४६मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक बुडालं आणि एकाच देशावर विसंबण्याचा धोका त्यांना कळला.

ठाणेकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण ती लाइन ठाण्यासाठी टाकलेली नव्हती. तिला घाट चढून वऱ्हाडच्या कापसापर्यंत जायचं होतं. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं, आणि १८६७मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. इंजिनं इंग्लंडातून आली. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती, तोटा आला तर भरपाई इथल्या महसुलातून. कच्चा माल, बाजारपेठ आणि पडून असलेल्या भांडवलाला बिनधोक व्याज, तिन्ही गोष्टी एकाच रुळावर. १८९६मध्ये तर आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, का तर लँकेशायरचा माल मागे पडू नये.

भांडवलाच्या मुद्द्यावर इंग्लंडातच अर्थतज्ज्ञ जे. ए. हॉब्सन यांनी १९०२मध्ये बोट ठेवलं. नफा थोड्यांच्या हाती साचतो, मजुराच्या पगारात तो माल परवडत नाही, मग माल आणि पैसा दोन्ही बाहेर वाट शोधतात आणि त्यांच्या मागोमाग सैन्य जातं. मला हे बरंचसं पटतं, पण एवढ्यावर थांबू नये. ब्रिटिश भांडवलाचा मोठा वाटा अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना इथे गेला, आफ्रिकेतल्या नव्या मुलखांत नाही. तिथली धाव बरीचशी भीतीची होती. १८७३च्या मंदीनंतर देशोदेशी जकातीच्या भिंती उभ्या राहिल्या, जर्मनीने १८७९मध्ये उभारली. आज आपण घेतलं नाही तर उद्या दुसरा घेईल आणि दार लावेल, हे मनात धरून १८८४-८५मध्ये बर्लिनला युरोपातल्या सत्ता आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवायला एकत्र बसल्या. जपानने उशिरा कारखाने उभारले आणि लगेच १८९५मध्ये तैवान, १९१०मध्ये कोरिया घेतला.

मुलाला उत्तर लिहिताना एवढं धरता येईल: दुसऱ्या देशावर हुकमत गाजवण्याचं धोरण तो साम्राज्यवाद, परमुलूख ताब्यात ठेवून तिथली जमीन, श्रम, बाजार वापरण्याची व्यवस्था तो वसाहतवाद. भारताबद्दल मी स्वतः ‘साम्राज्यवाद’ लिहितो. हिंदीत या व्यवस्थेला ‘उपनिवेशवाद’ म्हणतात, गुजरातीत ‘संस्थानवाद’. हा शेवटचा मराठीत आणला तर औंध-सांगलीसारखी राजेरजवाड्यांची संस्थानंच आठवतील.

राहिलं ‘वासाहतिक’. समाज-सामाजिक ही आदिवृद्धी, म्हणजे पहिल्या अक्षराचा स्वर वाढणं, संस्कृत शब्दांची रीत आहे. ‘वसाहत’ मराठी शब्द, त्यामुळे ‘वासाहतिक’ व्याकरणाने ओढूनताणून आणलेलं वाटतं. तरी अभ्यासकांच्या लिखाणात ते रुळलं आहे, तेव्हा चूक म्हणू नये. मला ‘वसाहतकालीन’ आणि ‘वसाहतवादी’ पुरतात.