सेव्हन स्ट्रिंगचा नेक: स्पेक शीटवरची जाडी आणि हातातली जाडी

तुझा प्रश्न थोडक्यात असा की सहा तारांवर हात बसलाय, आता सात तारांची पहिली गिटार घ्यायचीय, बजेट एंट्री लेव्हलचं, हात लहान, आणि आयबनेझ आरजी७४२१, शेक्टर ओमेन-७ आणि एलटीडीची एखादी बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बॉडीला जोडलेली) यांच्यात नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा दांडा, कुणाचा बरा. वर असंही विचारलंयस की आयबनेझचा नेक सगळ्यात पातळ आहे म्हणजे लहान हाताला तोच बरा, बरोबर ना. तर नाही, तेवढ्यावरून ठरवू नकोस. जाडीचा आकडा सगळे बघतात कारण तो स्पेक शीटवर सहज मिळतो, पण हाताला जे जाणवतं त्यात त्याचा वाटा बऱ्यापैकी कमी आहे.

आधी नटची (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) रुंदी, म्हणजे तो विषय मिटेल. या सगळ्या गिटारींचा नट साधारण ४८ मिमीचा असतो. सहा तारांचा ४२-४३ असतो, म्हणजे पाच-सहा मिमीची भर, आणि ती भर एका जादा तारेनेच खाल्लेली आहे, दोन तारांमधलं अंतर जवळपास तेच राहतं. म्हणून डाव्या हाताच्या बोटांना दाटी वाटत नाही, वाटतं ते पलीकडे जायला लांब पडतंय असं. लो बी, म्हणजे सगळ्यात जाड सातव्या तारेपर्यंत जायचं तर मनगट जरा जास्त वळवावं लागतं आणि अंगठा नेकच्या मागे मधोमध खाली घ्यावा लागतो. अंगठा वरून काढून नेक मुठीत धरून वाजवायची सवय असेल (ब्लूजवाल्यांना बहुतेक असते) तर कुठल्याही कंपनीचा सात तारांचा नेक तुला सुरुवातीला फळीच वाटणार, त्याला इलाज नाही, सवय बदलावी लागते. एकूण काय, नटच्या रुंदीवरून यांची तुलना करण्यात अर्थ नाही, सगळे सारखेच.

खरा फरक पडतो तो स्केल लेंग्थने, म्हणजे नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीने, आणि लहान हातवाल्याने आधी तीच बघावी. आरजी७४२१ साडेपंचवीस इंची आहे, ओमेन-७ साडेसव्वीस. ऐकायला एक इंच म्हणजे काहीच नाही, पण हिशोब करून बघ. पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चौथ्या फ्रेटपर्यंत साडेपंचवीसवर साधारण ९७ मिमी होतात, साडेसव्वीसवर १०१. हे चार मिमी सगळे करंगळीच्या वाट्याला येतात, आणि तेही जाड तारेवर, जिथे मनगट आधीच वळलेलं असतं. बाराव्या फ्रेटच्या पुढे तोच फरक दोन मिमीवर येतो, तिथे कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून "शेक्टरवर सोलो वाजवताना काही वेगळं वाटलं नाही" म्हणणारा आणि "शेक्टरवर हात भरून येतो" म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात, एक वर वाजवतोय एक खाली.

आता लांब स्केल कंपनीने उगाच दिलेलं नाही. लो बी म्हणजे साधारण ६२ हर्ट्झ, एवढ्या खालच्या सुराला तार ताणलेली राहायला हवी. तीच तार, तोच सूर, पण साडेपंचवीसऐवजी साडेसव्वीस इंच केले की ताण सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो, सत्तावीस केले तर बारा टक्क्यांनी. जोरात डाउनपिकिंग केलं (तार वरून खाली छेडली) की ढिली तार क्षणभर वरच्या सुराला जाऊन खाली येते, ते "बॉंग" होणं कमी होतं, आणि पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून दाबलेला सूर) कोरडा येतो. स्टँडर्ड बी ट्यूनिंग किंवा फार तर ड्रॉप ए (सगळ्यात जाड तार ए वर उतरवलेली) पर्यंतच राहणार असशील तर साडेपंचवीसवर जाड तार लावून छान भागतं. सहसा मिळणाऱ्या सातच्या सेटमध्ये बी ची तार ५६ ते ५९ (इंचाचे हजारावे भाग) च्या आसपास असते, मला ती साडेपंचवीसवर जरा लेचीपेची वाटते, मी ६२ लावतो. ड्रॉप ए च्याही खाली जायचं असेल तर मात्र सरळ लांब स्केल घे.

आता जाडी आणि आकार. आयबनेझचा विझार्ड टू-७ (आरजी७४२१ चा नेक) पहिल्या फ्रेटला १९ मिमी, बाराव्याला २१. शेक्टर आपल्या थिन सी साठी साधारण २० आणि २२ देतं. म्हणजे फरक एक मिमीचा! पण हातात घेतलं तर दोन्ही अगदी वेगळे लागतात, का, तर खांदे. नेकचा आडवा छेद डोळ्यासमोर आण, मागची बाजू सपाट ठेवून कडा पटकन वर नेल्या तर मधे पातळ असूनही कडेला लाकूड भरपूर उरतं. विझार्ड तसा आहे, मागे सपाट, कडेला भरलेला. अंगठा मागे टेकवून वाजवणाऱ्याला तो उत्तम, अंगठ्याला सपाट जागा मिळते आणि हात वरखाली सरकतो. पण पॉवर कॉर्ड धरताना तळहात नेकला चिकटवणाऱ्याला त्याच कडा अंगठ्याच्या मुळाशी टोचतात. शेक्टरचा सी मधे किंचित जाड पण कडेला उतरता, त्यामुळे मुठीत लहान वाटतो, आकड्याने मोठा असून. एलटीडीचा थिन यू माझ्या हाताला दोघांच्या मधला वाटतो, खांदे विझार्डपेक्षा गोल पण सी इतका उतार नाही.

अजून एक, फार पातळ नेकने लहान हाताला आराम मिळतो हा समज पूर्ण खरा नाही. पातळ नेकवर अंगठा आणि बोटं चिमटा काढल्यासारखी जवळ येतात आणि बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा) धरून ठेवला की अंगठ्याखालचा मांसल भाग दुखायला लागतो. थोडा भरीव नेक असेल तर तोच जोर पूर्ण हातावर वाटला जातो. लेगाटो, स्वीप, झटपट रन असलं वाजवणाऱ्याला विझार्ड आवडतो आणि दिवसभर रिदम ठोकणाऱ्याला कंटाळा येतो, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय. १९९० मध्ये झपाट्याने सोलो वाजवणाऱ्या स्टीव्ह वायची सात तारांची आयबनेझ युनिव्हर्स आली तेव्हापासून आयबनेझचे सात तारांचे नेक साधारण याच वळणाचे आहेत, आणि ती गिटार कुणासाठी बनवली होती ते बघितलं की कारण कळतं.

फ्रेटबोर्डची गोलाई, म्हणजे रेडियस. आयबनेझची ४०० मिमी, जवळजवळ सोळा इंची, अगदी सपाट. जॅक्सनची जेएस२२-७ तुझ्या यादीत नाही पण बघून ठेव, तिची नटपाशी बारा इंची आणि वर सोळा इंची होत जाते, त्यामुळे खाली कॉर्ड धरायला बरं आणि वर बेंड करताना तार दबत नाही, शिवाय नेकमध्ये ग्राफाइटच्या पट्ट्या असतात म्हणून नेक कमी हलतो. रेडियसवरून मात्र मी कुणालाही गिटार बदलायला सांगणार नाही, आठवड्यात सवय होते.

आता ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. स्वस्त गिटारीत नेक "वाईट" लागण्याचं सगळ्यात मोठं कारण आकार नसतोच, फ्रेटची टोकं असतात. फ्रेटबोर्डचं लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, धातू आक्रसत नाही, मग टोकं कडेला बाहेर येतात आणि हात सरकवला की कानशीवरून फिरवल्यासारखं वाटतं. महागड्या गिटारीत ही टोकं हाताने गोल केलेली असतात, या किमतीत तेवढा वेळ कुणी देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत एक लोण्यासारखी आणि दुसरी खरबरीत निघू शकते, म्हणून मॉडेलपेक्षा समोरची गिटार तपास. तर्जनीचं बोट नेकच्या खालच्या कडेवरून नटपासून शेवटपर्यंत ओढत ने, कुठे अडकतं ते लगेच कळेल. थोडंफार अडकत असेल तर घाबरू नकोस, चांगला तंत्रज्ञ फार वेळ न घेता घासून देतो.

दुसरं, नट. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींचे नटचे खाचे बरेचदा उंच ठेवलेले असतात, कारण उंच खाच बझ करत नाही (तार फ्रेटला लागून खरखरत नाही) आणि तक्रार येत नाही. पण उंच खाच म्हणजे पहिल्या फ्रेटला तार दाबायला जास्त जोर, आणि आपण म्हणतो नेक जाड आहे. बघायची सोपी पद्धत: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाब आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघ. केसाएवढी फट हवी. कागदाची घडी जाईल एवढी असेल तर खाच खाली न्यायला हवी. आणि ६२ ची तार लावणार असशील तर बी चा खाच रुंदही करावा लागेल, नाहीतर तार अडकते आणि ट्यूनिंग करताना टिंग टिंग आवाज करत उड्या मारते.

मग रिलीफ (नेकचा हलका बाक) आणि अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची). पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट असे दोन्ही दाबून सातव्या-आठव्यावर तारेखाली ०.२ ते ०.२५ मिमी फट, बाराव्यावर बारीक ई ला दीड मिमी आणि बी ला दोनच्या आसपास, एवढं जमलं की कुठलीही यातली गिटार वाजवायला सोपी होते. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळी) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नकोस, फिरवून थोडा वेळ जाऊ दे आणि पुन्हा माप.

फिनिश. आरजी७४२१ चा नेक सॅटिन (चमक नसलेला) येतो, हात सरकतो. ग्लॉस नेकवर घाम आला की हात चिकटतो, आणि तो चिकटपणासुद्धा लोक जाडीच्या नावावर खपवतात. ग्लॉस आवडला नाही तर सर्वात बारीक स्टील वूलने मागची बाजू हलकी घासली की सॅटिनसारखी होते, पण त्याआधी पिकअपवर टेप लाव! तो लोखंडाचा भुगा चुंबकाला असा चिकटतो की निघता निघत नाही. वॉरंटीत असेल तर मात्र हात लावू नकोस.

तुझ्या केसमध्ये मी काय घेईन? लहान हात, सहा तारांवरून येतोयस, बी स्टँडर्डमध्येच राहणार म्हणतोस, तर साडेपंचवीस इंची घे, म्हणजे आरजी७४२१ किंवा एलटीडीची एम-१७ किंवा एससी-२०७. अंगठा मागे ठेवून वाजवत असशील तर आयबनेझ, आणि मुठीत धरायची सवय सुटणार नसेल तर एलटीडी. आयबनेझचीच त्याखालची जीआरजी७२२१ बजेटमध्ये बसत असेल तर तीही बघ, स्केल आणि नट तेच आहेत, मात्र फ्रेटची टोकं नीट तपासून घे आणि वाचलेल्या पैशात सेटअप करून घे. शेक्टर वाईट नाही, उलट रिदमसाठी या तिघांत मला तीच आवडते, पण ती तुझी पहिली सात तारांची असू नये एवढंच.

दुकानात गेलास की उभं राहून पट्टा लावून वाजव, बसून नाही, कारण बसलं की नेक आपोआप सोयीच्या कोनात येतो. ट्यून करून घे, लो बी वर पहिल्या चार फ्रेटवर चार बोटांचा क्रोमॅटिक (एकामागोमाग एक फ्रेट) हळू वाजव, मग पहिल्या फ्रेटला एफ चा बारे धरून पाच मिनिटं साधी रिदम, आणि शेवटी हात सोडून बघ नेक खाली झुकतो का, झुकत असेल तर डावा हात वाजवण्याऐवजी गिटार उचलण्यात जाईल. आणि तिथे लावलेल्या तारा जुन्या गंजक्या असतील तर नव्या लावायला सांग, लाजू नकोस, गंजक्या तारांवर नेक कसा आहे हे कुणालाच कळत नाही.