थंडीच्या रात्री आणि सुट्टीत पाहुणे आले की करायला सोपे, ऊब देणारे घरगुती पदार्थ कोणते?

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दहा-बारा माणसं येणार, थंडी कडाक्याची आहे, नोकरी सांभाळून करता येईल असं गरम काहीतरी हवंय. इथपर्यंत तुमचा प्रश्न ठीक आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "शेंगोळे, पिठलं असलं गावठी नको, पाहुण्यांपुढे ठेवता येईल असं सांगा." मी उत्तर लिहायला बसले ती या एका वाक्यामुळे.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या बाजूचं. सासर वाळवा तालुक्यात. तिकडे बाजरी, मटकी आणि हुलगा (म्हणजे कुळीथ), इकडे नजर जाईल तिथवर ऊस. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी शेंगोळ्यांचं, म्हणजे रश्शात शिजवायच्या हुलग्याच्या वळ्यांचं, पीठ मळायला घेतलं तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हुलगं आमच्यात बैलास्नी भिजत घालत्यात." मनानं त्या वाईट नाहीत, माझी बाळंतपणं त्यांनीच काढली. पण ते वाक्य मला लागलं. पुढे घरातल्या घरात शेंगोळे चालू झाले, सगळे आवडीनं खायचे, मात्र पाहुणा दारात आला की हुलग्याचा डबा फळीच्या मागे. पाहुण्याला पनीर, पुऱ्या आणि जिरा राईस. यावरून आम्हा दोघींचं वर्षानुवर्षं वाजत आलंय.

एका डिसेंबरात वन्सं सहकुटुंब आल्या होत्या. जाऊबाईंनी तालुक्याच्या गावातल्या हॉटेलातून भाज्या मागवल्या. जेवणं आठलाच उरकली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा आठवड्यात मोटर चालवायची थ्री फेज वीज रात्रीच येते, मोटर तेव्हाच चालू करावी लागते आणि थंडी असो की विंचू-काटा असो, दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणसाला उसात उभं राहावंच लागतं. आमचे हे आणि भाऊजी निघाले, त्यांच्या मागून वन्संचे यजमान आणि कॉलेजातली दोन पोरंही हौसेनं गेली. परत आली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, बोटं वाकेनात. सगळ्यांना सपाटून भूक लागलेली. हॉटेलच्या भाजीवर तुपाचा पांढरा थर धरलेला होता. ती गरम केली तरी कुणाचा हात पुढे होईना.

मी चुलीवर आधण ठेवलं आणि पीठ मळायला घेतलं. जाऊबाई उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पावण्यांस्नी हे देतीस व्हय?" मी म्हटलं, "अक्का, पाहुणे गारठलेत." लसणाच्या फोडणीचा वास ओसरीवर गेला आणि आबा, म्हणजे माझे सासरे, घोंगडं गुंडाळून आत आले. पाहुण्यांच्या पंगतीतच बसले. पहिली वाटी संपवून त्यांनी दुसरी पुढे केली आणि जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "1972 च्या दुष्काळात हुलगंबी नव्हतं, पोरी. मिलो, ती बाहेरनं आल्याली तांबडी ज्वारी, खाल्ली. दुष्काळी कामावरच्या सुकडीसाठी रांगंत उभा ऱ्हायलो. त्याच्या आदी आमची आई हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायची, तवा आमी म्हणायचो, घरात बरं चाललंय."

मला हे तोवर ठाऊक नव्हतं. ज्या घरात मला हुलग्यावरून ऐकावं लागलं, त्या घराचं रानही नदीवरून पाइपलाइन येईपर्यंत माळाचंच होतं. पाणी आलं, ऊस आला, उसाच्या पैशानं गहू-तांदूळ आले आणि एका पिढीत हुलगा बैलांचा झाला. माणदेशात तेव्हा तसं पाणी आलं नाही म्हणून तो आमच्याकडे माणसांचा राहिला. त्यात गावठी काय आणि लाजायचं काय? हलक्या रानात, एक-दोन पावसांवर येणारं हे कडधान्य आहे, कोरड्या दाण्यांच्या शंभर ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं देतं. त्या हिशेबानं ते तुमच्या पनीरच्या तोडीचं आहे.

आता कृती. हुलगे निवडून हलके भाजा आणि गिरणीतून बारीक दळून आणा. आठ-दहा माणसांना अर्धा किलो पीठ धरा. त्यात दोन मुठी ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ घाला, नाहीतर शेंगोळे फुटतात. भरपूर लसूण (दोन गड्डे तरी), जिरं, ओवा, तिखट, हळद, मीठ आणि दोन चमचे गरम तेल घालून घट्ट मळा. करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करून त्यांची टोकं जुळवा. हे काम पाहुण्यांतल्या पोरांना द्या, बघता बघता परात भरते. मोठ्या पातेल्यात मोहरी, लसूण, कढीपत्त्याची फोडणी करून अडीच-तीन लिटर पाणी ओता. पाणी खळखळा उकळलं की शेंगोळे एकेक करून सोडा. पहिली दहा मिनिटं पळी घालू नका. मग अलगद हलवा आणि आणखी पंधरा मिनिटं शिजू द्या. परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी त्यातच ओता, रश्शाला दाटपणा त्यानंच येतो. कूट घालणारे घालतात, आमच्याकडे माहेरी घालत नाहीत, आणि मला तेच बरोबर वाटतं. एक शेंगोळा मोडून बघा, आत कच्च्या पिठाची रेघ नसली की झालं. वरून कोथिंबीर आणि कच्चं तेल, सोबत भाकरी, कांदा.

याहून सोपं हवं तर उडदाचं घुटं करा. कराड-पाटणच्या बाजूला घरोघरी होतं. सालीची उडीद डाळ कुकरला मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, हिरवी मिरची-लसूण-जिरं-सुक्या खोबऱ्याचं वाटण घालायचं, वरून फोडणी. बाजरीची भाकरी त्यात कुस्करून खायची. ऑफिसातून येऊनही तासाभरात होतं. संक्रांतीच्या सुट्टीत माणसं येणार असतील तर भोगीची भाजी आहेच: वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा, पावटा, शेंगदाणे, तिळाचं कूट आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. गोड म्हणून हुलग्याच्या पिठाचं गूळ घातलेलं माडगं द्या. ते पातळच ठेवा, निवलं की आपोआप घट्ट होतं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. हुलगा उष्ण मानतात, त्यामुळे पित्ताचा त्रास असलेल्यांना लसूण-तिखट कमी करून वाढा. युरिक ॲसिड वाढलेलं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. गॅसच्या शेगडीवर एवढं मोठं पातेलं तळाला लागतं, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं आच मंद ठेवा. पीठ फार जुनं झालं की कडवट होतं, दोन महिन्यांत संपेल एवढंच दळा.

जाऊबाई अजूनही म्हणतात की पाहुण्यांपुढे दोन भाज्या आणि पुऱ्या दिसल्याच पाहिजेत. त्यांचं निम्मं मला पटतं, घर रिकामं दिसू नये हे खरं. तेव्हा तुम्हाला पनीर करायचंच असेल तर करा. पण आधी प्रत्येकाच्या वाटीत शेंगोळे वाढा, कढत, आणि कुणी विचारलं तर "हुलग्याचे आहेत" असं मोठ्यानं सांगा.