चेंबर फुटल्यावर इंजिन वाचलं का, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायवेवर पडलेला लोखंडी तुकडा गाडीखाली गेला, दणका बसला, पण गाडी नीट चालत होती. पाचेक मिनिटांनी ऑइलचा लाल दिवा लागला. थांबायला धड जागा दिसेना म्हणून आणखी साधारण ३ किलोमीटर गाडी तशीच नेली आणि मग बंद केली. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, भोक पडलंय. गॅरेजवाला म्हणतो, वेल्डिंग करून ऑइल भरून देतो, गाडी एकदम ओके. त्याचं ऐकायचं का?

चेंबरपुरतं ऐका. इंजिनबद्दल मात्र, त्यानं आत डोकावल्याशिवाय एक शब्दही ऐकू नका.

आधी त्या दिव्याचं सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. लाल दिवा ऑइल किती उरलंय ते दाखवत नाही. तो प्रेशर दाखवतो, तेही पार तळाला गेल्यावर. गरम इंजिन चालत्या गाडीत २ ते ४ बार प्रेशर ठेवतं आणि दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लागतो. म्हणजे पेट्रोलच्या काट्यासारखा 'आता जरा बघा' असा हा इशारा नव्हे. दिवा लागला तेव्हा पंप ऑइलऐवजी हवा ओढायला लागलेला असतो. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाइतकी असते आणि त्या फटीत दाबानं भरलेलं ऑइलच दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतं. ते गेलं की धातूवर धातू. वेगात असाल तर मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

त्यामुळे पुन्हा असं झालं तर 'पुढच्या गॅरेजपर्यंत पोचू' हा विचार सोडून द्या. दिवा लागला की पाय उचला, गिअर न्यूट्रल करा, हझार्ड लाइट लावा आणि आहे त्या वेगावर कडेला घरंगळत आणा. शक्यतो कडेला पोचल्यावरच इंजिन बंद करा, कारण बंद केल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर संपतो. न्यूट्रलमध्ये बिनलोडाचं चाललेलं इंजिन ३ किलोमीटर ओढत नेलेल्या इंजिनापेक्षा खूप कमी झिजतं. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

कडेला थांबल्यावर 'एकदा स्टार्ट करून बघू' हा मोहही टाळा. गाडीखाली जॅकच्या भरवशावर शिरू नका आणि ठिबकणाऱ्या ऑइलखाली हात धरू नका, ते १०० अंशांच्या आसपास असतं. सायलेन्सरवर ऑइल पडून धूर येत असेल तर सगळ्यांना गाडीपासून लांब न्या. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर माती टाकता आली तर जरूर टाका, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं हाड वाचेल.

सगळी गळती सारखी नसते. चेंबरला तडा गेला तर ऑइल आपल्या वजनानं गळतं, पाच-दहा मिनिटं मिळतात, तुम्हाला मिळाली तशी. पण तुकडा ऑइल फिल्टरवर किंवा कूलरच्या पाइपवर बसला तर तिथे पंपाचाच दाब असतो. पंप मिनिटाला कित्येक लिटर ढकलतो आणि छोट्या गाडीत सगळं मिळून ऑइल असतं ३-४ लिटर. काय ते मिनिटभरात आटोपतं. त्यात खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर ऑइल आधी त्यात साचतं, नंतर वाऱ्यानं मागे फेकलं जातं, जमिनीवर थारोळं दिसतच नाही. म्हणून खालून मोठा दणका ऐकू आला की दिव्याची वाट न बघता पुढच्या सुरक्षित जागी थांबून वाकून बघावं. एसीचं स्वच्छ पाणी दिसलं तर देवाचे आभार मानून पुढे निघावं.

आता तुमचं इंजिन. ते स्वतःहून जाम झालं नाही, तुम्ही बंद केलंत, ही चांगली गोष्ट. पण म्हणून ते शाबूत आहे असं नाही. वेल्डिंगसाठी चेंबर खाली उतरवायचाच आहे, तेव्हा तुम्ही समोर उभे राहा. चेंबरच्या तळाला उरलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि उन्हात धरा. जुना फिल्टर फेकू देऊ नका, कापून त्यातला कागद पसरून बघा. चमचमणारी बारीक भुकटी किंवा तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग खाल्लं गेलंय. लोहचुंबक फिरवून 'काही चिकटत नाही, बिनधास्त राहा' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. बेअरिंगचा वरचा थर सहसा अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, तो चुंबकाला चिकटतच नाही. चेंबर उतरलेलाच आहे तर एक-दोन बिग एंडच्या कॅप (पिस्टनचा रॉड क्रँकला धरतो तिथली झाकणं) खोलून बघायला सांगा. तासाभराचं जास्तीचं काम आहे, पण सगळा संशय तिथेच फिटतो. टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टची ढिलाईही तपासा. तो ऑइलशिवाय इंजिनपेक्षाही कमी वेळ टिकतो.

दुसरी गोष्ट स्ट्रेनरची, म्हणजे चेंबरच्या तळाशी पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीची, आणि ही मी स्वतः भोगली आहे. एकदा दगडानं माझ्या चेंबरला फक्त पोचा पडला, थेंबभर गळती नाही. डिपस्टिकवर लेव्हल उलट थोडी वरच दिसत होती. मी खूश! पण पोच्यामुळे चेंबरची जागा कमी झाली म्हणून लेव्हल वर दिसत होती आणि आत पत्रा स्ट्रेनरच्या तोंडाला जवळजवळ टेकला होता. आठवड्यानं गरम इंजिनावर दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. म्हणून स्ट्रेनर वाकलाय का, त्याच्या पाइपला तडा आहे का, हे बघितल्याशिवाय चेंबर चढवू देऊ नका. चेंबर पत्र्याचा असेल तर वेल्डिंग चालेल. अॅल्युमिनियमचा असेल तर मी सरळ नवाच घालीन, तेल मुरलेल्या ओतीव धातूवर वेल्ड टिकेल याचा भरवसा नाही. एपॉक्सीची पुट्टी लावून काम भागवायचं तर मुळीच नाही.

जोडल्यावर नवा फिल्टर, नवं ऑइल आणि ड्रेन बोल्टला नवा वॉशर. पहिल्यांदा इंधन तोडून स्टार्टरनं इंजिन नुसतं फिरवायला सांगा, दिवा विझला की मगच स्टार्ट. मग दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत प्रेशर बघा, थंड इंजिनावरचा आकडा फसवा असतो. वरून टिकटिक आली आणि काही सेकंदांत थांबली तर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत) ऑइल भरतंय. खालून जड ठकठक आली आणि रेस केल्यावर वाढली तर तिथल्या तिथे बंद करा. सगळं नीट निघालं तरी ५०० किलोमीटरनंतर ऑइल-फिल्टर पुन्हा बदला आणि तोही फिल्टर कापा.

विमा असेल तर काही उघडायच्या आधी भोकाचे आणि गाडीखालचे फोटो काढून ठेवा आणि कंपनीला कळवा. बऱ्याच पॉलिसी दणक्यानं झालेलं नुकसान देतात, पण दिवा लागल्यावर गाडी चालवून झालेलं नुकसान वेगळं काढतात, त्यामुळे तुमच्या ३ किलोमीटरबद्दल विचारणा होणार. खरं तेच सांगा, आजकाल बऱ्याच गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंद सापडते.

फिल्टरच्या कागदाचा उन्हातला जवळून फोटो इथे टाका, भुकटी आहे की नुसता काळा गाळ ते बघून सांगतो.